धाकट्याचं वय

"हलू नकोस दीपा, पुन्हा बघते," म्हणत डॉक्टर मधुवंतीनं पोटावर आणखी जेली लावली.

पडद्यावर दोन पिशव्या, दोन जीव. दोघांचेही ठोके कसे खणखणीत! जुळं म्हणून आनंद व्हावा, तर वयं जुळेनात. थोरलं अकरा आठवड्यांचं, धाकटं जेमतेम सातचं. मागं पडलंय म्हणावं, तर धाकट्याची वाढ सात आठवड्यांना अगदी बरोबर. म्हणजे एक पोटात असताना दुसरं राहिलं. असं तिनं पुस्तकात वाचलं होतं; वणीतल्या आपल्या दवाखान्यात दिसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पोरीचा गळा मोकळा होता. एक्स-रे समजून मंगळसूत्र घरीच ठेवून येतात बायका, त्यातलीच ही.

"नवरा काय करतो गं?"

"राजूरच्या खदानीत होते. माही पाळी चुकायच्या आतच गेले ते."

"मग कामावरून मधे घरी आला असेल."

दीपा पदराशी चाळा करत पुटपुटली, "येतेत ना. सारे झोपले का येतेत, उजाडाच्या आत जातेत. मॅडम, सासूले नका सांगू. घराबाहेर काढतीन मले. माहेरी कोणी नाही माह्या."

मधुवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. काय बाई एकेक घरं! लग्नाच्या बायकोला भेटायला पोरानं चोरासारखं यायचं?

तेवढ्यात सासू, कौसल्याबाई, दार लोटून आत आली. "इतका टाइम कायले लागून राह्यला मॅडम? बरं आहे ना?"

"छान आहे. दोन आहेत." दीपा मानेनंच नको नको म्हणत होती, पण मधुवंती आता कुठली ऐकते! "धाकटं आत्ता महिन्यापूर्वी राहिलंय. तुमचा मुलगा येऊन गेलाय मधे. त्यावरून पोरीला एक शब्द बोललात, तर माझ्याशी गाठ आहे."

कौसल्याबाई मटकन स्टुलावर बसली.

"रवीची माती होऊन दोन महिने होत आले मॅडम. खदानीतच गेला तो."

दीपानं डोळे गच्च मिटून घेतले. सासूनं तिचा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"तुह्याकडंही येते का तो?"