आठ प्रमाणपत्रं

लाल बादलीतल्या वाळूत धनसिंगने खर्र्याची पिंक टाकली, गमछ्याने ओठ पुसले आणि मग तो गझालाकडे वळला.

"जफरसाहेब म्हणजे देवमाणूस, बेटी."

वणी रोडवरच्या त्या सरकारी कापूस खरेदी केंद्रात अशा चार बादल्या टांगलेल्या होत्या. आग लागली तर वाळू मारायला. चारही बादल्यांतली वाळू थुंकून थुंकून दगड झाली होती. गझालाने नाकाला ओढणी लावली. वीस दिवसांपूर्वी, भरदुपारी, समोरच्या शेडमधल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. तिचे अब्बा, जफरसाहेब, इथले केंद्रप्रमुख. ते एकटेच आत गेले. धूर ओसरल्यावर त्यांचा मृतदेह बाहेर काढला, तेव्हा कापूस ओढायचा लोखंडी आकडा त्यांच्या मुठीतच होता. बाकी आठही कर्मचारी, हा धनसिंगसुद्धा, तोवर फाटकापाशी उभे होते. फाटकासमोरच्या चहावाल्याने तिला हे सांगितलं होतं.

आज चौकशी होती. पुसदच्या शाळेतून रजा काढून ती आली होती आणि येताना अर्ज लिहून आणला होता. त्यात आठ नावं आणि एकच मागणी: यांना नोकरीतून काढा. तिने शासनाचं परिपत्रकही मिळवून वाचलं होतं. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र घेणं कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक आहे. पण ज्याने ते घेतलं, त्याने अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत आगीपुढून हलायचं नाही. या आठांनी ते घेतलं होतं. सेवापुस्तकात त्याची नोंद होते, बढतीच्या वेळी ती उपयोगी पडते.

यवतमाळहून आलेल्या अधिकाऱ्यांनी तिचा अर्ज ठेवून घेतला आणि जबाब वाचायला घेतले. आठही जबाब एकाच अक्षरात होते, तरुण कारकून कपिलच्या. 'आम्ही शर्थीचे प्रयत्न केले,' हे वाक्य आठ वेळा आलं. कपिल मान खाली घालून सुपारी चघळत होता. त्याच्या जबड्याचा तो आवाज गझालाला सहन होईना.

"तुमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं," ती म्हणाली. "आकडे होते, पाण्याचा पाइप होता. एकालाही आत जावंसं वाटलं नाही?"

धनसिंग ओशाळून हसला. तेवढ्याने तिच्या तोंडी घरची बोली आली.

"हासून काहून राह्यले, धनसिंगभाऊ?"

"हासत नाही, बेटी. तुले काय सांगू? ते आग इझवाचं नळकांडं आमच्यातल्या एकालेही उघडता येत नाही."

"मग प्रमाणपत्रं?"

अधिकाऱ्यांनी फाइलमधून आठ कागद काढून टेबलावर मांडले. आठांवर एकच तारीख. खाली, प्रशिक्षक म्हणून, एकच सही. ही सही गझालाने दहा वर्षं आपल्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

"प्रशिक्षण झालंच नाही, सर," कपिलचं चघळणं थांबलं. "कोणावर सक्ती नाही म्हंतेत, आन् प्रमाणपत्रं नसली तर केंद्र उघडू देत नाहीत. त्या वक्ती कापसाच्या गाड्या पार नाल्यापर्यंत लागल्या होत्या. लोक तीन दिवसांपासून गाडीखाली झोपून राह्यले होते. व्यापारी येऊन पडेल भावानं माल मागून राह्यले होते. साहेबांनी चहा मांगवला आन् एका बैठकीत आठही कागदांवर सह्या केल्या. म्हणाले, जरा मोकळं झालो की शिकवतो. मोकळं कुठं झालो?"

अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले. त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला.

"मॅडम, अर्ज मागे घ्या. हे बाहेर आलं तर सगळा दोष तुमच्या वडिलांवर जाईल. नाही आलं, तर त्यांचं नाव राहील, यांच्या नोकऱ्या राहतील. सगळ्यांचंच भागेल."

आठही जण तिच्याकडे पाहू लागले. त्या नजरांतली आशा तिला त्या बादल्यांहून घाणेरडी वाटली. आणि त्या आठ कागदांकडे पाहताना, आयुष्यात पहिल्यांदाच, अब्बांचीही शिसारी आली.

"कागद खोटे होते," ती धनसिंगला म्हणाली. "पाय तर खरे होते ना? मग फाटकापाशी काय करत होता?"

धनसिंगने तोंडातला खर्रा हातावर काढला. बराच वेळ त्याला तो कुठे टाकावा कळेना.

"गेलतो मी. शेडच्या दारापर्यंत गेलतो, बेटी. साहेबांनं छातीवर हात देऊन मले मांगं ढकललं. म्हणाले, 'धनसिंग, तुमचे कागद खोटे हायेत. खरा माह्या एकट्याचाच हाये.'"

गझालाने अर्ज परत मागितला. अधिकाऱ्यांनी तो लगबगीने दिला. ती आता तो फाडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिने पेन काढलं, आणि त्या आठ नावांच्या वर, शाळेत फळ्यावर लिहावं तशा स्वच्छ अक्षरात, अब्बांचं पूर्ण नाव लिहिलं.