परतीपुरतं चार्जिंग

तळ्याच्या वळणावर स्क्रीनवरची चार्जिंगची आणखी एक पट्टी विझली आणि मोजणीसाहेबांनी ब्रेक दाबला. निघताना पाच पट्ट्या होत्या, आता तीन. इथून फिरलं तर घर गाठता येईल. पुढे गेलं तर परतताना गाडी वाटेतच बसेल. त्यांनी गाडी वळवली. सलग बाविसावा दिवस.

सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली, म्हणून वसाहतीत सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. अंतराच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नसे. गोल्फच्या मैदानाच्या एका टोकाला मुलाचं घर, दुसऱ्या टोकाला टेकडीवर शुश्रूषागृह. मधे नऊ किलोमीटरची वळणावळणाची वाट, जिथे रिक्षा येत नसे. गुडघे गेल्यापासून बॅटरीवरची ही जुनी गोल्फ कार्ट म्हणजेच त्यांचे पाय. पूर्ण भरली की दहा पट्ट्या दिसत आणि ती वीस किलोमीटर चाले. जाऊन-येऊन अठरा. हिशोब चोख होता.

पण बावीस दिवस ती अर्धीच भरत होती.

शुश्रूषागृहात त्यांची बायको होती, कमरेचं हाड मोडल्यापासून. आधीचे दोन महिने ते रोज सकाळी अकराच्या ठोक्याला तिच्या खोलीत हजर असत. उशी सारखी करत, चहात साखर पडली नाही ना ते बघत, शेजारणींशी बोलून ती दमू नये म्हणून दार ओढून घेत. ती काही बोलत नसे. चाळीस वर्षांत तिला बोलायची गरजच पडली नव्हती. तिला काय हवं ते त्यांना आधीच ठाऊक असे.

"बॅटरी म्हातारी झालीये, बाबा," मुलगा म्हणायचा. "नवी सांगितलीये. येईल."

ती काही येईना. शुश्रूषागृहात फोन केला तर नर्स म्हणायची, "झोपल्यात त्या."

तेविसाव्या दिवशी त्यांनी गाडी क्लबच्या शेडमध्ये नेली. मिस्त्रीने सीट उचलली, सहाही बॅटऱ्यांचं पाणी पाहिलं, मीटर लावला, पुन्हा लावला.

"साहेब, वय झालंय, पण तब्येत ठणठणीत आहे. ही आजारी नाही, उपाशी आहे."

"म्हणजे?"

"कुणीतरी चार्जर मधेच बंद करतंय. घरी कोण लावतं?"

"मुलगा. मला वाकता येत नाही."

मिस्त्री नुसता फडक्याने हात पुसत राहिला.

जेवताना मोजणीसाहेबांनी मुलाकडे नीट पाहिलं.

"आईकडे गेला होतास?"

"काल कामावरून परस्परच गेलो होतो."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"माझं काही विचारते?"

मुलगा ताट घेऊन उठला. "विचारते ना. रोज विचारते, बाबा आज कुठवर आले होते."

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. ती तिकडे डोळे लावून बसली आहे, आणि पोटचा पोरगा इकडे आपल्याला बांधून ठेवतोय. का? तिचं काही बरंवाईट तर नाही? विचारलं असतं तर त्याने किल्लीच काढून घेतली असती. रात्रभर एकच आकडा डोक्यात फिरत राहिला. पाच पट्ट्या, दहा किलोमीटर. जायला नऊ.

परतायचंच नाही म्हटलं तर पुरत होत्या.

सकाळी मुलगा आणि सून कामाला गेल्यावर त्यांनी गाडी हलकी करायला घेतली. मागची गादी काढली, हत्यारांची पेटी काढली, पाण्याचा कॅन रिकामा केला. शेडमध्ये थांबून चाकांत हवा भरून घेतली.

"आणि परत कसे येणार?" मिस्त्रीने विचारलं.

"येणारच नाही. तिच्याजवळच एक खाट टाका म्हणतो. फार दिवस एकटी राहिली."

मिस्त्रीने मान वळवून डोळे टिपले.

तळं आलं. तीन पट्ट्या. पाय ब्रेककडे गेला, त्यांनी तो आवरला. ते बैलगाडीच्या चालीने निघाले. उतार लागला की पाय काढून घेत, चढ लागला की पुढे झुकून बसत, जणू त्याने भार हलका होणार होता. टेकडीच्या पायथ्याशी एकच पट्टी उरली, तीही लुकलुकत होती. फाटक दोनशे पावलांवर दिसत असताना गाडीने मान टाकली.

ते काठी टेकत निघाले. सत्तराव्या पावलाला पडले. गुडघा फुटला, विजारीला रक्त लागलं. कठड्याला धरून उठले आणि पुन्हा पहिल्यापासून पावलं मोजू लागले.

काउंटरवरची नर्स दचकून उभी राहिली. "तुम्ही? आज कसे काय?"

"आहे ना ती?" त्यांनी काउंटरला धरून विचारलं. "खरं सांगा."

नर्सने बागेकडे बोट दाखवलं.

ती होती. उन्हात चाकाच्या खुर्चीत बसून तीन बायकांबरोबर पत्ते खेळत होती. गालावर चांगलं मांस चढलं होतं. कसल्याशा विनोदावर ती मोठ्याने हसत होती. इतक्या वर्षांत त्यांनी ते हसू ऐकलं नव्हतं. मोजणीसाहेबांचे डोळे भरून आले. जिवंत होती. बरी होती.

"अगं, आलो मी!"

हसू थांबलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, रक्ताळलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हातातले पत्ते पालथे ठेवून शांतपणे फोन उचलला. पोराला आनंदाची बातमी देत असणार, त्यांना वाटलं. ते लंगडत तिच्या खुर्चीपाशी पोचले तेव्हा पलीकडून मुलाने फोन घेतला होता.

"अरे, अर्ध्यातसुद्धा पोचले हे," ती म्हणाली. "उद्यापासून पावच भर."