मऊ स्प्रिंग

जीप अंगणातून एकदम सुटली, गल्ली ओलांडून गेली आणि समोरच्या कौसाबाईंच्या न्हाणीवर आदळली. भिंत आत बसली. जीपचा एक दिवा फुटून काचा रस्ताभर पसरल्या. मोरिवलीच्या त्या गल्लीत इंजिन आचका देऊन बंद पडलं.

ओट्यावर उभी असलेली ऋतिका जागच्या जागी थिजली. जीपमध्ये तिची सात वर्षांची लेक राजसी बसली होती, आणि जीप चालवत होते तिचे सासरे, अण्णा.

तिच्या मनात एकच गोष्ट आली. स्प्रिंग. तासाभरापूर्वी तिनंच ती बदलली होती, कुणालाही न सांगता.

अण्णांची जीप मिलिटरीच्या लिलावातली. वयानं त्यांच्याएवढीच आणि हट्टानंही. तिच्यातूनच ते रोज सकाळी नातीला शाळेत सोडत, म्हणून ऋतिकाला बदलापूरच्या कंपनीत पहिली पाळी करता येत होती. नवरा सुयोग नोकरीसाठी गुजरातेत. घरात चौथं माणूस नव्हतं. आणि हल्ली रोज संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून उजवा गुडघा चोळत बसायचे.

“झेपतंय ना अण्णा?” तिनं एकदा विचारलं होतं.

“झेपतंय तवर झेपतंय,” अण्णा म्हणाले होते.

त्या उत्तरानं तिची झोप उडाली. अण्णा थांबले की तिची नोकरी थांबणार होती.

दुखण्याचं कारण तिला लवकरच सापडलं. एकदा अण्णा घरात नसताना तिनं जीप अंगणातल्या अंगणात पुढे घेतली, तर ॲक्सिलरेटर दाबता दाबता तिची मांडी थरथरायला लागली. तिनं बॉनेट उघडलं. पाय उचलला की ॲक्सिलरेटर मागे ओढून घेणारी एक स्प्रिंग असते. इथली बोटाएवढी जाड होती. मोबाइलवर तिचा फोटो काढून ती उल्हासनगरला स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदारानं फोटो मोठा करून पाहिला आणि हसायलाच लागला.

“ये जीप की है ही नहीं, बेटा. मोटरसायकल के स्टँड की है. किसने डाली?”

“सासऱ्यांनीच टाकली असेल.”

“ससुर पहलवान है क्या? ये ले जा, जीप वाली. मक्खन जैसी चलेगी.”

आज शुक्रवार, कंपनीची सुट्टी. अण्णा आंघोळीला गेले तेवढ्यात तिनं पक्कड घेऊन जाड स्प्रिंग काढली आणि नवी अडकवली. हातानं ताणून पाहिली. अलगद पुढे जात होती, अलगद मागे येत होती. संध्याकाळी गुडघा दुखला नाही की अण्णांना सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आता ती धावत गल्लीत आली.

“आत्ता भायेर आले गो मी,” कौसाबाई ओल्या केसांनी पडक्या भिंतीकडे बघत म्हणत होत्या. “आत्ता. केस पन पुसले नाय अजून.”

अण्णा जीपमधून उतरले होते. वळसा घालून ते राजसीच्या बाजूला गेले आणि तिला उचलून कडेवर घेतलं.

“आजोबा, आपण उडलो,” राजसी हळूच म्हणाली.

ऋतिकानं तिचं डोकं चाचपलं, हात पाहिले, गुडघे पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता. मग तिनं वाकडं झालेलं बॉनेट उचललं. स्प्रिंग जागेवर होती. तिनं ताणून पाहिली. पुढे गेली, मागे आली. अडकत नव्हती, निसटत नव्हती. जशी बसवली तशीच होती.

मग गाडी सुटली कशी?

ती मागे वळली आणि तिला जमिनीवरचे लाल ठसे दिसले. ते ड्रायव्हरच्या बाजूनं निघून, काचांवरून, जीपला वळसा घालून आले होते.

अण्णांनाही ते त्याच वेळी दिसले.

“रक्त कुणाचं हे?” त्यांनी घाबरून विचारलं. “पोरीला लागलंय का बघ नीट.”

“अण्णा,” ऋतिका म्हणाली, “तुमचा पाय.”

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल जीपमध्येच राहिली होती. उजव्या तळव्यात काचेचा तुकडा रुतला होता आणि नातीला कडेवर घेऊन ते त्याच पायावर भार टाकून उभे होते. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसे ते बघत राहिले.

तिनं त्यांना कौसाबाईंच्या पायरीवर बसवलं आणि काच उपसली. ओठ तिनंच दाताखाली धरला होता. अण्णांची पापणीही लवली नाही.

“दुखत नाही?”

“साखरेनं नसा गेल्यात, डॉक्टर बोलतो. घोट्याच्या खाली काय कळत नाय.” त्यांनी मान खाली घातली. “तुला सांगितलं असतं तर नोकरी सोडून घरी बसली असतीस तू.”

ऋतिकानं त्यांचा तळवा हातानं दाबून धरला.

“मी सकाळी स्प्रिंग बदलली, अण्णा. मऊ घातली. तुमचा गुडघा दुखतो म्हणून.”

अण्णांनी राजसीला आणखी जवळ ओढलं.

“ती जाड मीच घातली होती, पोरी,” ते म्हणाले. “ती दाबताना गुडघा ठणकायचा. तेवढ्यावरनंच मला कळायचं, पाय किती दाबलाय ते.”