उजवा हात

सकाळी फुलवंताच्या हाताची पट्टी सोडायला घेतली आणि कुंताबाई गाठीपाशीच थांबली. ही गाठ तिची नव्हती. ती पट्टीचं टोक नुसतं आत खोचायची. ही आवळून मारलेली होती, गोऱ्ह्याच्या दाव्याला मारतात तशी.

तिने ती दातांनी सोडली. आत लाकडी फळी फक्त मनगटाला बांधलेली होती. फळीवर ताठ असायला हवी ती बोटं मोकळीच होती, आणि वळत वळत तळव्याला टेकायला आली होती.

धान उकडायच्या हंड्यात पोरीचा हात गेला होता. जखम भरली तीच मूठ होऊन. नागपूरच्या डॉक्टरने मांडीची कातडी काढून तळव्याला लावली, बोटं सुटी केली, आणि नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून सांगितलं की रात्री हात फळीला बांधायचा, दिवसा तेल लावून बोटं ओढायची, पोरगी रडली तरी ओढायची. आता मिटली तर मिटली. सुखरामने बैलासारखी मान हलवली होती.

तेव्हापासून कुंताबाई ओढत होती. पोरगी किंचाळायची आणि आळी गोळा व्हायची. सासू गिरजाबाई ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "मायनंच जाळला, आता मायच मोडून राहिली." शेजारची शकुनबाई तर आपल्या पोरांना निजवताना कुंताबाईचं भेव दाखवायची म्हणे. आणि सुखराम? पहिली किंचाळी ऐकली की तो खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावून धानाच्या बांधीकडे निघून जायचा. रडणारा बाप गावाला फार आवडतो. असा मायाळू माणूस अख्ख्या करडी गावात नाही, असं बाया विहिरीवर बोलायच्या. पोरीची बोटं किती उघडली, हे त्यांतल्या एकीनेही कधी वाकून पाहिलं नाही.

सुखराम गोठ्यातून आला. कुंताबाई फळी हातात घेऊन उभी होती. रोजच सोडता काय, असं तिने विचारलं.

त्याने काही लपवलं नाही. उलट सांगताना त्याचा आवाज ओला झाला. दिवा मालवला की पोरगी सरकत त्याच्या कुशीत यायची, बाबा दुखते म्हणायची. तो सोडून द्यायचा. कोंबडा आरवला की कुंताबाई उठायच्या आत पुन्हा बांधायचा, टोक तिच्यासारखंच खोचायचा; आज जाग उशिरा आली आणि घाईत मनगटालाच गाठ मारून मोकळा झाला. दवाखान्यातून आणली तेव्हापासून हेच.

कुंताबाईने फळी खाली ठेवली. म्हणजे दिवसभर तिने उघडायचं आणि रात्रभर याने मिटू द्यायचं. पोरीच्या सगळ्या किंचाळ्या फुकट गेल्या. तिची चाहूल लागली की पोरगी कोपऱ्यात दडायची, तेही फुकट.

"काहून केलं जी असं?"

"मले नाही पाहवत," सुखराम म्हणाला. "तुह्यावानी दगडाचं काळीज नाही माहं."

"तुमाले पाहवत नाही म्हणून तिनं हात गमवावा?"

"गेला त गेला. मी आहो ना. जन्मभर खाऊ घालीन माह्या लेकीले."

ओसरीवरून गिरजाबाई म्हणाली की याला म्हणतात बाप.

कुंताबाईने पोरीला ओढून मांडीत घेतलं. तेलाची वाटी जवळ केली आणि मधलं बोट धरलं. ते हललं नाही. नवी कातडी चामड्यासारखी ताठरली होती. तिने जोर लावला. फुलवंता या वेळी किंचाळली नाही, ती आईच्या दंडाला चावली आणि रक्त आलं तरी तिने सोडलं नाही. कुंताबाईनेही बोट सोडलं नाही.

शेवटी सुखरामने पोरीला हिसकून कडेवर घेतलं. फळी उचलली आणि भाताच्या हंडीखाली चुलीत सारली. वाळलेलं सागवान होतं, लगेच धरलं. कुंताबाई चुलीकडे झेपावली, तर गिरजाबाई आडवी आली. सुनेला माहेरच्या गावाने हाक मारत, मोहाडीवाले, पुरे झाली तुही डाक्टरकी, म्हणाली.

भात झाला. कुंताबाईने पदराने दंड पुसला, थाळी वाढली आणि फुलवंतापुढे ठेवली.

"आपल्या हातानं जेव," ती म्हणाली.

पोरीला भूक लागली होती. तिने उजवा हात थाळीत घातला. मूठ भातावर टेकली, शितं बोटांच्या पेरांना चिकटली, तोंडापाशी नेईतो गळून पडली. तिने पुन्हा करून पाहिलं. मग हळूच डावा हात पुढे केला.

गिरजाबाईने त्या हातावर फाडकन चापट मारली. "डाव्या हातानं जेवते काय वो? अन्न हाये ते."

फुलवंताने दोन्ही हात मांडीखाली घेतले. समोर नुकता चालायला लागलेला मंगरू, तिचा भाऊ, थाळीत हात बुडवून गपागपा भात खात होता. अर्धा तोंडात, अर्धा पोटावर.

सुखरामचे डोळे भरून आले. त्याने थाळी स्वतःकडे ओढली, भात कालवला, घास केला.

दारात शकुनबाई उभी होती. विस्तव मागायला आली होती ती, पण बघतच राहिली. "नशीबवान आहे पोट्टी," ती म्हणाली.

फुलवंताने आ केला.