आंघोळीचं पाणी

काल पहाटे समुद्रात गेलेली बाबांची होडी अजून परतली नव्हती. भक्ती चुलीपाशी बसून प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसची वाक्यं मोठ्याने घोकत होती, म्हणजे बाहेरचं काही ऐकू यायला नको. समोर दिसलं तेच तिने जुळवलं, "माय मदर हॅज बीन हीटिंग वॉटर सिन्स यस्टरडे."

"म्हणजे काय गो?" आईने चुलीत लाकूड सारत विचारलं.

"आई कालपासून पाणी तापयता. अजून तापयताच आसा."

"मगे तसाच लिही. तो गारठान येतलो."

तेवढ्यात बाबांना शोधायला गेलेले काशीरामकाका दारात येऊन उभे राहिले. "वैनी, ताका घेवन इलव."

आई धडपडत उठली. "बादली न्हाणीत ठेवतंय."

"न्हाणीत नको, वैनी," मान वर न करता काका म्हणाले. "आंघोळ भायर अंगणात घालूची आसा."