शनिवारचा मासा

"हा नको. हा तळाशीच बसतो म्हणे. दिसायचाच नसेल तर पाळून काय करू?" शिवाजीरावांनी मृगळ माशाच्या पिल्लांची पिशवी बाजूला सारली.

जितेशने ती टेम्पोत परत ठेवली. उमरोळीच्या आसपासच्या तळ्यांत बोटाएवढी माशांची पिल्लं सोडायचा त्याचा धंदा. तळ्याला काय मानवेल हे न विचारता स्वतःला काय आवडतं ते सांगणारी गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती.

शिवाजीराव साताऱ्याकडचे, बोईसरच्या कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. जन्मात मासा चाखला नव्हता. माशांबद्दलचं सगळं ज्ञान मोबाइलमधलं, आणि ते समोर येईल त्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रोहू त्यांना गावठी वाटला. कटल्याचं डोकं मोठं, म्हणून तोही बाद. शेवटी रूपचंद पसंत पडला, कारण त्याचं पोट लालसर आणि नाव घरंदाज. मुलीला स्थळ पाहावं तसा हा माणूस मासे पाहत होता.

"पाचशे सोड," ते म्हणाले. "ही तिसरी खेप. जुलैत पाचशे सोडले, ऑगस्टात पाचशे. आज तळ्यात एक शेपूट दिसत नाही. याही खेपेला तेच झालं, तर या सुक्याचं बिऱ्हाड इथून हललं म्हणून समज."

सुका तळ्याचा राखणदार. तो आंब्याखाली उभा होता. पंपाच्या खोलीत तो आणि त्याची बायको कमळी राहायचे. ती खोली गेली की दिवाळीनंतर पुन्हा वीटभट्टी, हे दोघांनाही कळत होतं.

"आमी नाय खाल्ले, साहेब," सुका म्हणाला. "दोनदा सांगला तुमाला, आत मरळ हाय. पयला तो काढा. बाईंनी जो..."

"बाईंचं नाव काढायचं नाही!" शिवाजीराव जितेशकडे वळून हसले. "मरळ काढू द्या म्हणे याला. म्हणजे तोही याच्याच पोटात. या लोकांना पाणी दिसलं की कालवण दिसतं."

दारात भांडी घासत बसलेल्या कमळीचा हात थांबला.

जितेशने मात्र कान टवकारले. "साहेब, मरळ असेल तर तो पिल्लं खाऊन टाकणार हां. तळं यंदाच खणलंय ना? मग आला कुठून?"

"आलाच नाही. अरे, जागा माझी, जेसीबी मी लावला, पाणी माझ्या बोअरचं. मासा काय आभाळातून पडणार?"

तेवढ्यात शिवाजीरावांची बायको, वत्सलाबाई, झाकण लावलेली बादली घेऊन आल्या. न्हाऊन, चांगली साडी नेसून.

"थांबा हो, आधी माझं होऊ दे. आज अकरावा शनिवार." मग जितेशला कळावं म्हणून त्यांनी सांगितलं, "यांची साडेसाती चालू आहे. गुरुजी म्हणाले, अकरा शनिवार एकेक जिवंत मासा आपल्या पाण्यात सोडा. मी स्वतः बाजारातून आणते. मेलेला चालत नाही ना, म्हणून कोळणीला बजावून सांगते, जो वळवळतोय तोच दे."

जितेशने झाकण उचललं. आत हातभर लांब, काळपट, सापाच्या तोंडाचा मरळ होता. बाजारातल्या टबात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तग धरणारा तोच. कोळणीने मागितलं ते दिलं होतं. तो काय खाऊन जगतो, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, असे दहा सोडलेत?"

"दहा. सगळे चांगले धडधाकट," वत्सलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

"साहेब, या मरळांनीच तुमची हजार पिल्लं संपवली. सुका खरं बोलतोय."

शिवाजीरावांचा चेहरा पडला. एखाद्याला वाटलं असतं, आता हा माणूस शरमेल. पण उभी नोकरी हाताखालच्या माणसांवर खापर फोडण्यात गेलेली. ती खोड निवृत्तीने थोडीच सुटते?

"मग हे नीट सांगायला काय झालं होतं, सुक्या?" ते ओरडले. "राखणदार म्हणून ठेवलाय की झोपा काढायला?" मग बायकोला म्हणाले, "तू सोड गं. अकरावा चुकायला नको. देवाच्या नावाने सोडलेला मासा आहे, तो असलं काही खात नसतो."

वत्सलाबाईंनी हात जोडले आणि बादली पाण्यात उपडी केली. मरळ सरळ खोल पाण्यात गेला.

"हं, आता रूपचंद सोड."

जितेशने एकदा सुकाकडे पाहिलं, मग खांदे उडवून पिशव्यांची तोंडं सोडली. पिल्लं झुंडीने बाहेर पडली. थोड्या वेळाने काठाशी पाणी फडफडलं. मग पलीकडे. मग एकाच वेळी तीन ठिकाणी.

"बघ, बघ, कसे खेळायला लागले!" शिवाजीराव म्हणाले. मग सुकाकडे बोट रोखून, "मोजून पाचशे आहेत. पुढच्या महिन्यात कमी दिसले तर मी आहे आणि तू आहेस."

कमळीने पदराला हात पुसले. ती खोलीत गेली आणि गाठोडं, पातेलं, कोयता घेऊन बाहेर आली. सुका तिच्याकडे बघत राहिला.

"चल," ती त्याला म्हणाली.

"अगं ए, चाललात कुठं? तळं कोण राखणार?" शिवाजीरावांनी हाक मारली.

कमळी तळ्याच्या काठाला थुंकली.

"अकरा जणं हायत ना आत," ती म्हणाली. "ते राखतील."