वाटेचं माप

आंबिवलीच्या टेकडीवर नौपाड्याच्या कर्णिक वकिलांचं सागाचं चिंचोळं रान होतं; मधून माथ्यापर्यंत वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना झाडांची एकेक ओळ, एवढंच. तिथले ओंडके ओढायला ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून ते दुकानात शिरले, तर त्यांचा गाडीवान दौलत बैलांचं जू खांद्यावर घेऊन मागोमाग आत आला.

"हे काय सोंग?"

"मापाला आणलंय, साहेब. रानातली वाट एवढीच रुंद हाय." दौलतनं दुकानातल्या दोन्ही विलायती ट्रॅक्टरांपुढं जू आडवं धरलं. धाकटा आत मावला. थोरला दोन्हीकडून वीतवीतभर बाहेर उरला.

"जन्मभर बैलांच्या शेपट्या पिरगाळल्यास आणि आता मला ट्रॅक्टर शिकवतोस? हे खेळणं नेलं तर कोर्टाच्या बाररूममध्ये सगळे वकील हसतील मला!" वकिलांनी थोरला घेतला.

रानात तो पहिल्याच दोन झाडांशी अडला. "तोडा!" वकील म्हणाले. तोडलेले ओंडके त्याच्याच पुढ्यात पडले आणि त्याला वळायला जागा नव्हती, म्हणून ते दौलतच्या बैलांनी ओढून खाली लाकडाच्या डेपोत नेले. दहा पावलांवर पुन्हा दोन झाडं, पुन्हा बैल. असं करत होळीच्या सुमारास ट्रॅक्टर माथ्यावर पोचला.

वकिलांनी ऐटीत घाम पुसला. "आता बघ यंत्राची ताकद. बांध ओंडके!"

"कुठले, साहेब? रान संपलं." दौलत बैलांच्या मानेवरून जू उतरवत म्हणाला, "आता त्याला रिकामाच खाली न्या. वाट चांगली रुंद झालीय."